रूथबाईंची अमानत

ईशान, मागच्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर मला ती रचना ऐकवलीस, तेव्हा सुरुवातीलाच मी हात वर करून "थांब, आता येईल" म्हणाले. तू थांबलास. मीराही तुझ्या खांद्यावरून डोकं घालून वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही. तंतुवाद्यं सुरेख वाजत होती, धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखी स्वच्छ, कुठे डाग नाही. मग तू विचारलंस, "आजी, काय यायचं होतं?" आणि मी "काही नाही रे, वय झालं" म्हणून विषय बदलला. ते खरं नव्हतं. जे यायचं होतं ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी लिहायला घेतलं की सगळं क्रमाने मांडते, या सवयीवर तुमची आई वैतागते. पण इथे क्रमाला महत्त्व आहे. त्या उन्हाळ्यात काय आधी झालं आणि काय नंतर, यावर माझं पुढचं सगळं टांगलेलं होतं.

आम्ही मानवतला राहत होतो. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कापसाची आडत होती. घरापासून हाकेच्या अंतरावर सरकी काढायचं जिनिंग होतं, आणि कापसाच्या दिवसांत त्याची धडधड इतकी सतत चाले की ती आम्हाला ऐकूच येत नसे, दुपारी पट्टा थांबला की मात्र कानात काहीतरी पोकळ होऊन जाई आणि आई म्हणे, "अगंबाई, एक वाजला." भाकरीच्या पिठात, पाण्याच्या माठावर, माझ्या वह्यांच्या पानांमध्ये कापसाचे बारीक धागे सापडत. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात अप्पा, आई, मी आणि गंगाआत्या, एवढी चार माणसं. गंगाआत्या अप्पांची मोठी बहीण. तिचा नवरा जत्रेला गेला तो तिकडेच पटकीने गेला. निरोप पोचून ही पोचेपर्यंत मातीही देऊन झाली होती. तेव्हा तिचं वय माझ्याएवढंच होतं, असं आई एकदा म्हणाली होती. आत्याने स्वतः ते कधी बोलून दाखवलं नाही.

आपलं घर लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सोमवारचा उपास, सणाला गव्हाची गोड हुग्गी, हे सगळं होतंच. पण आत्याची विभूती कपाळापुरती थांबत नसे. सकाळची पूजा झाली की विभूतीची वडी तळहातावर ओली करून ती तीन बोटं भिजवायची आणि घरभर फिरायची. नवा केरसुणीचा जुडगा, शिवणाचं मशीन, व्यायला झालेली म्हैस, अप्पांचा काटा, मॅट्रिकच्या परीक्षेला जाताना माझी शाईची दौत, सगळ्यांवर तीन पट्टे. "कोनाचं भलं व्हतं तर व्हऊ द्या की," असं तिचं म्हणणं. तिची बोटं जाड होती, नांगरटीच्या ढेकळासारखी, आणि पट्टे मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ.

मॅट्रिकची परीक्षा झाली होती. निकालाची मला धास्ती नव्हती. धास्ती निकालानंतरची होती. चारठाण्याचं एक स्थळ चालून आलं होतं, माणसं बरी होती, आणि अप्पा त्यांना "जूनपर्यंत थांबा" म्हणाले होते. जूनपर्यंत अशासाठी की मला औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं, इंग्रजी शिकायचं होतं, आणि अप्पांनी मला एकच अट घातली होती. "रूथबाईंनी चिठ्ठी दिली तर पाठवतो. परगावी पोरगी कोनाच्या भरवशावर ठेवायची, ते मला कळाया पायजे." रूथबाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. औरंगाबादच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर त्यांच्या वर्गमैत्रीण होत्या आणि बाईंच्या चिठ्ठीवर त्या डोळे मिटून जागा देतील हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बाई चिठ्ठ्या वाटत फिरणाऱ्या नव्हत्या. "मी लिहिते ते माझ्या नावावर लिहिते," त्या म्हणाल्या. "सुट्टीवरून आले की सांगते, शिवकांता." त्या मला पूर्ण नावाने हाक मारणाऱ्या एकट्याच. घरात मी कांता होते.

सुट्टीला बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी बाई टांग्यातून आमच्या दारात उतरल्या. मांडीवर रेकॉर्ड वाजवायचं छोटं यंत्र, आणि त्याच्यावर साडीत गुंडाळलेली एकच रेकॉर्ड. त्यांची भाड्याची खोली पत्र्याची होती. मागच्या उन्हाळ्यात दुसरी एक रेकॉर्ड तिथे तापून पापडासारखी वाकली होती. आमची मधली खोली जाड भिंतींची, वैशाखातही माठाजवळ बसल्यासारखी गार. "दीड महिना ठेवाल का?" त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा उठून उभेच राहिले. अमानत हा शब्द अप्पा फार जपून वापरत. दुसऱ्याची ठेव आपल्या घरात, म्हणजे आपल्या घराची इज्जत त्या ठेवीत, असा त्यांचा हिशेब. "बाई, तुमची अमानत हाय. कांता सांभाळंल. दुसरं कोनी हात लावणार न्हाई." बाईंनी मला सूचना दिल्या आणि मी त्या वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांक घालून लिहिल्या: उभी ठेवायची, आडवी नाही, धरताना कडेला धरायची, मध्ये बोट लावायचं नाही, रविवारी एकदा वाजवायची, म्हणजे यंत्र अडकून बसत नाही. ते पान आजही माझ्याकडे आहे. अक्षर चांगलं आहे.

मग बाईंनी ओसरीवर यंत्र लावून दाखवलं. वेष्टनावर एका इंग्रज साहेबांचा फोटो होता, झुपकेदार मिश्यांचा, डोळे कुठेतरी लांब लागलेले. ईशान, तू त्यांचं नाव मला वाचून दाखवलंस. मला ते तेव्हापासून माहीत आहे, पण आमच्या घरात ते कायम मिशीवाले साहेबच होते. पहिल्या बाजूला त्यांची संचलनाची गाणी होती. ढोल, पितळेच्या तुताऱ्या, सगळं झगमगीत. अप्पांचा अंगठा जमिनीवर ठेका धरू लागला. "ही लग्नातली दिसायलीय."

"नवरदेव घोड्यावर बसला," आई दाराआडून म्हणाली, आणि बाई हसल्या. त्यांना तसं हसताना मी शाळेत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी बाजू उलटली. या बाजूला एकच लांब, सावकाश रचना होती, नुसत्या तंतुवाद्यांची. ती सुरू झाली हे आधी कळलंच नाही. जिनिंगचा पट्टा थांबल्यावर कानात जे उरतं ना, तिथून कुणीतरी एक सूर हळूच वर उचलावा, तशी ती सुरू होते. मग त्याला दुसरा येऊन मिळतो, मग बरेच. मी माझ्या आयुष्यात इतकी माणसं इतक्या हळू आवाजात एकत्र काही करताना ऐकली नव्हती. आत्या स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"कोन गेलंय?" तिने विचारलं.

"कुणी नाही, आत्या. असंच वाजवतात," बाई म्हणाल्या.

"न्हाई. गेलंय कोनीतरी. येवढे जण मिळून कोनी उगं रडत न्हाई."

बाईंनी सुई उचलली. मग शाळेत धडा सांगावा तशा सरळ आवाजात त्यांनी सांगितलं की रेकॉर्ड त्यांच्या धाकट्या भावाची, दानियलची आहे. तो बोटीवर नोकरीला होता. तिथेच तापाने गेला. बोट किनाऱ्यापासून फार लांब होती. पेटी तेवढी घरी आली. तिच्यात कपडे, वस्तरा आणि ही रेकॉर्ड.

"अन् तो?" आत्याने विचारलं.

"त्याला तिकडेच सोडलं. पाण्यात."

"माती?"

"नाही मिळाली."

"तुमच्यात पुरतात नव्हं?"

"हो."

"आमच्यातबी पुरतात," आत्या खाली बसत म्हणाली. "बसवून. अंगभर विभूती लावून." तिने वेष्टनाकडे बोट केलं. "अन् ह्ये कोन? जिते हायती का?"

"हे साहेब. यांनीच ही रचना बांधली. तेही कधीच गेले."

"म्हंजी तेबी," आत्या म्हणाली, आणि भाकऱ्यांकडे गेली. त्या दिवशी बाई आमच्याकडेच जेवल्या. येसर आमटी त्यांना तिखट लागली, तरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पुढचे काही रविवार मी नेमाने पाळले. अंघोळ करून, हात कोरडे करून, कडेला धरून रेकॉर्ड काढायची, पहिली बाजू अप्पांसाठी आणि दुसरी माझ्यासाठी. दुसरी लागली की आत्या येऊन उंबऱ्याला टेकून बसायची आणि संपली की "हूं" म्हणून उठायची. एकदा म्हणाली, "लय लांबून बोलायलाय पोरगं." मी तिला सांगितलं की तो बोलत नाही, ती वाजवणारी माणसं वेगळी, बांधणारे साहेब वेगळे, त्याने फक्त विकत घेतली. ती म्हणाली, "शिकव मला." मला वाटतं मी तेव्हा फार शहाणी होते. मनातल्या मनात मी वसतिगृहातली खाटही लावून टाकली होती.

वैशाखातल्या अमावस्येला मी शेजारच्या गच्चीवर कुरडया घालायला गेले होते. चीक ढवळून हात भरून आले होते. दुपारी परत येऊन मधल्या खोलीत पाणी प्यायला गेले तर रेकॉर्डचं वेष्टन धान्याच्या कणगीला टेकवून समोर ठेवलेलं, आणि मिशीवाल्या साहेबांच्या कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे. समोर एक विझलेली पणती आणि चिमूटभर साखर. देवाशपथ सांगते, आधी मला हसू आलं. साहेब अगदी चारठाण्याच्या देवळातून दर्शन घेऊन बाहेर पडलेल्या पाव्हण्यासारखे दिसत होते. मग मी रेकॉर्ड बाहेर काढली. दुसऱ्या बाजूला, कडेपासून आत बोटभर, काळ्यावर तीन पांढरे पट्टे. सरळ, पट्टीने आखल्यासारखे. वाळून खडखडीत झालेले.

आता इथे मी सावकाश लिहिते, कारण हीच जागा मी पुढे कितीतरी दिवस घरात चुकीची सांगितली. मी खांद्यावरचा पंचा घेतला, त्याचं जाडंभरडं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते पट्टे कोरडेच घासले. जोर लावून. आमच्या घरातली पितळेची भांडी रोज मीच राखेने घासत होते. राख काय करते हे माझ्या बोटांना माहीत होतं. राखेनेच तर तांब्या खरवडला जातो आणि चकाकतो. शेरभर थंड पाणी माझ्यापासून हातभर अंतरावर माठात होतं. नुसतं ओलं फडकं टेकवून धरलं असतं तर कदाचित सगळं निघून गेलं असतं. पण मला ते पट्टे दिसायला नको होते, त्याच क्षणी नको होते. विभूती गेली. तिच्या जागी तीन निस्तेज ओरखडे उरले, उजेडात तिरकं धरलं की दिसणारे.

मी यंत्र लावलं. सुई टेकली. तो हळू सूर यायच्या आधीच, त्याच्या अंगावर, टक् टक् टक्. मग जरा गप्प. मग पुन्हा टक् टक् टक्. प्रत्येक फेऱ्याला तीन.

आत्या परसात डाळ पाखडत होती. मी जाऊन तिच्यावर ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? कुणी सांगितलं?"

तिने सूप खाली ठेवलं. "आज आवस हाय. त्याला माती न्हाई मिळाली. म्हनलं विभूती तरी लावावी."

"ती रेकॉर्ड आहे, आत्या! तो नाही तिथे!"

"मला काय कळत न्हाई व्हय गं? पन त्याचं म्हनून दुसरं काय हाय हितं?" मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "बिघाडलं का?"

"ओरखडे पडलेत. तुझ्या बोटांनी."

तिने आपली बोटं उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. आणि मी तिला पाहू दिलं. घासण्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी, शेकडो मुलींच्या उत्तरपत्रिकांत चुका शोधून झाल्यावर, मला वाटतं माझी खरी चूक पंच्याची नव्हती, ती परसातली होती.

आईला मी सांगितलं. आई व्यवहारी. ती म्हणाली, "अप्पांच्या कानावर जाऊ देऊ नको. त्यांना कळलं तर तेच बाईंना म्हनतील, चिठ्ठी नको. आधी चिठ्ठी घे हातात. मग सांग, न्हाईतर सांगूबी नको. येवढ्या ढोलताशात तीन टक्‌टक् कोनाला ऐकू यायलेत?" पण ढोलताशे पहिल्या बाजूला होते. ओरखडे बरोबर तिथे होते जिथे संगीत सगळ्यात हळू होतं. त्यानंतरच्या रविवारी मी फक्त पहिली बाजू लावली. अप्पांच्या ते लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं असणार, कारण ती उंबऱ्यापाशी यायची बंद झाली.

ते दिवस मला चवीने आठवतात. सकाळी आई सुशीला करायची, चुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन. मी ती ताटलीत नुसती चिवडत बसे. उन्हाने पत्रे तडतडले की मला टक् टक् टक् ऐकू येई. एसटी आली की मी ओसरीवर धावे, बाई लवकर तर आल्या नाहीत? निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, अप्पांनी पेढे वाटले आणि चारठाण्याच्या माणसांनाही पाठवले. मला कळेना की हे पेढे कोणत्या बाजूचे. मी बाईंना सांगायची वाक्यं वहीत लिहून काढली, इंग्रजीत. इंग्रजीत चूक कबूल करणं मला सोपं वाटत होतं. ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटे. मसुदा पाचदा खोडला. पाचही मसुद्यांत पट्टे आत्याने ओढले होते आणि पंचा कुठेच नव्हता. आणि आत्या? तिने त्या दिवसांत घरातल्या कोणत्याही वस्तूला विभूती लावली नाही. फक्त कपाळाला. अप्पा एकदा म्हणालेसुद्धा, "अक्का, नवी घमेली आनलीत, बघितली न्हाईस?" ती म्हणाली, "बघितली की. चांगली हायेत."

जूनच्या सुरुवातीला बाई आल्या, उन्हं उतरताना, सोबत बहिणीने दिलेला फणस घेऊन. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पर्समधून एक बंद पाकीट काढून अप्पांच्या हातात दिलं. "बहिणीकडेच लिहून ठेवली होती. निकाल पेपरात पाहिला." अप्पांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं. आईने दाराआडून माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाहण्याचा अर्थ सरळ होता: झालं. आता गप्प बस.

"लाव ना, शिवकांता," बाई म्हणाल्या. "दीड महिना ऐकली नाही."

मी पहिली बाजू लावली. तुताऱ्या वाजल्या, अप्पांच्या अंगठ्याने ठेका धरला. मी मिनिटं मोजत होते. बाजू संपली तशी मी पटकन रेकॉर्ड उचलली आणि वेष्टनात घालायला लागले.

"अगं, दुसरी बाजू? माझी ती आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी रेकॉर्ड माझ्या हातून घेतली, कडेला धरून, उजेडात तिरकी केली आणि थांबल्या. मग त्यांचं लक्ष वेष्टनावर गेलं. साहेबांच्या कपाळावर, पुसूनही, तीन पुसट पट्टे उरले होते.

कुणी काही बोलायच्या आत आत्या पुढे आली. "मी लावली विभूती. आवसेला. पोरीला ठावं नव्हतं. तुमचा राग माझ्यावर काढा, बाई."

अप्पांना काय झालं ते हळूहळू समजत गेलं, आणि समजत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि बाईंच्या समोर, फणसाशेजारी ठेवलं. "ही परत घ्या. तुमची अमानत आमाला नीट ठेवता आली न्हाई. मग पोरीसाठी कोन्या तोंडानं मागू?"

"अहो," आई म्हणाली, आणि पुढचं गिळलं.

ते पाकीट तिथे पडलं होतं. मला त्याच्यावरचं बाईंचं उभं, कोरीव अक्षर दिसत होतं. माझे पाचही इंग्रजी मसुदे पळून गेले होते. आत्या हात पाठीमागे धरून उभी होती, बोटं कुणाला दिसू नयेत अशी. ते पाहिलं आणि माझ्या तोंडून घरातल्या बोलीतच निघालं. "तिनं नुसती लावली. ओरखडे माझे हायत. मी कोरडंच घासलं पंच्यानं. लय जोरात. अन् तिलाच सांगितलं, तुझ्या बोटांनी पडले म्हणून."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिने हात पाठीमागून पुढे घेतले, एवढंच.

बाईंनी रेकॉर्ड यंत्रावर ठेवली आणि सुई टेकली. टक् टक् टक्. आणि त्याच्या खालून, लांबून, तो सूर. टक् टक् टक्. बाई पापणी न हलवता ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने ओरखडे संपले आणि पुढचं सगळं स्वच्छ वाजलं, शेवटपर्यंत. "ही पुन्हा मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "मला राग आलाय. खूप आलाय. तो आज जायचा नाही."

मग त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली. टक् टक् टक्. या वेळी त्यांनी आत्याकडे पाहिलं. "अमावस्येला?"

"हां."

"काही म्हणालात लावताना?"

"काय म्हननार? मला तुमचं काय येतं? म्हनलं, बस बाबा, दमलास." आत्या घुटमळली. "अन् साहेबालाबी लावली. म्हनलं, तेनला तिकडं कोन लावनार."

बाईंचा चेहरा आधी हसायला निघाला होता, आणि मध्येच त्याचं दुसरंच काहीतरी झालं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सुई तीन-चार फेरे तशीच फिरू दिली, टक् टक् टक्, टक् टक् टक्. ईशान, यायचं होतं ते हे.

बऱ्याच वेळाने त्यांनी पाकीट उचललं, फोडलं, चिठ्ठी उलगडली आणि माझ्याकडे पेन मागितलं. "यात मी लिहिलंय, मुलगी दुसऱ्याच्या वस्तू जीव लावून सांभाळते. ते आता माझ्या नावावर राहू देता येणार नाही." त्यांनी एक ओळ खोडली. खोडलेल्या ओळीच्या वर त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि ते मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत आणि मग सगळ्यांसाठी मराठीत. "मुलगी खरं सांगते. जरा उशिरा."

अप्पांनी हात पुढे केला नाही. एकदा परत केलेली वस्तू स्वतःहून उचलणाऱ्यांतले ते नव्हते. बाईंना ते कळलं असावं. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पाकिटात घातली आणि अप्पांना ओलांडून आत्यापुढे धरली.

"आत्या, ही आता तुमच्याकडे माझी अमानत. औरंगाबादला पोरीला सोडायला तुम्ही जायचं, आणि रेक्टरबाईंच्या हातात तुम्हीच द्यायची."

आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं आणि ती परभणीच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिने हात पुढे केला, मागे घेतला, पदराला दोनदा खसाखसा पुसला, आणि मग तीन बोटांनी, कडेला धरून, ती चिठ्ठी घेतली.